शंभर टक्क्यांची सवय

लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं दिसलं की तुम्हालाही बरं वाटत असणार. पिंप भरलेलं, सिलिंडर नवा लावलेला आणि बॅटरी फुल्ल. रात्री झोपताना चार्जर लावायचा, सकाळी काढायचा, ऑफिसात टेबलावर ठेवला की पुन्हा लावायचा आणि घरी निघेपर्यंत तसाच राहू द्यायचा. दोह्यात मी ज्या ज्या मराठी घरात गेलो तिथे हीच रीत पाहिली. दोन-अडीच वर्षांनी त्याच घरात हेही ऐकलं, की "मशीन चांगलं आहे हो, पण बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही." मग दोष कंपनीला दिला जातो, चार्जरला दिला जातो, 'इथल्या करंट'लाही दिला जातो. इथला करंट बिचारा 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, जवळजवळ आपल्याकडच्यासारखाच. पिना तेवढ्या ब्रिटिश, चौकोनी.

बॅटरी अकाली म्हातारी होते ती बहुतेक वेळा आपल्या सवयींमुळे. त्या सवयी आपण उचलल्या कुठून, हे शोधायला गेलं तर बरीच मोठी गोष्ट हाती लागते. तिच्यातले काही महत्त्वाचे प्रसंग याच आखाताच्या काठावर घडले आहेत आणि त्यातल्या एकात दोन माणसांचे जीवही गेले आहेत.

आधी आपले मास्तर कोण होते ते पाहू. मांडीवर घेऊन काम करता येईल असा संगणक लोकांच्या हाती आला, तेव्हा त्याची बॅटरी ही काळजी करण्याची गोष्टच नव्हती. 1983 साली आलेला टँडी कंपनीचा 'टीआरएस-80 मॉडेल 100' चार पेन्सिल सेलवर चालायचा, आणि चालायचा म्हणजे सुमारे वीस तास! आठ ओळींचा पडदा होता, रंग नव्हते, पण गावोगाव फिरणाऱ्या वार्ताहरांना तो फार आवडला. सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणायचे. पडदे मोठे झाले, आत फिरत्या डिस्क आल्या, तशी भूक वाढली आणि पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या आल्या. 1989 च्या 'मॅकिंटॉश पोर्टेबल'मध्ये तर मोटारीत असते त्या जातीची शिसे-आम्लाची बॅटरी होती. वजन सात किलोंच्या वर. त्याला पोर्टेबल म्हणायला ॲपलचंच धाडस हवं.

बाकीच्यांनी निकेल-कॅडमियमची वाट धरली. ही बॅटरी 1899 साली स्वीडनच्या वाल्देमार युंगनर यांनी शोधलेली, म्हणजे तेव्हाच नव्वदीची. तिची एक खोड प्रसिद्ध होती. दर वेळी अर्धवट वापरून पुन्हा भरली, तर ती पुढे पुढे तेवढ्यावरच दम सोडायची. त्याला 'मेमरी इफेक्ट' म्हणत. त्यावर उपाय सांगितला जाई तो असा: पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा, आणि नवी आणली की आधी आठ तास चार्जिंगला लावा. दुकानदारांनी तो सांगितला, माहितीपत्रकांनी छापला, कॉर्डलेस फोनने आणि दाढीच्या मशीनने घरोघरी पोचवला. त्या बॅटरीपुरता तो ठीकच होता.

आपला दुसरा मास्तर म्हणजे इन्व्हर्टर. 2005 नंतरची ती वर्षं आठवा. 'भारनियमन' हा शब्द घरातली शाळकरी पोरंसुद्धा न अडखळता उच्चारायची. शहरात काही तास, खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. तोवर गुहागर तालुक्यातला अंजनवेलचा, ज्याला सगळे दाभोळचा म्हणतात तो वीजप्रकल्प मे 2001 मध्ये बंद पडून होता. तो पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं. गंमत पाहा, त्याच काळात, जानेवारी 2004 मध्ये, कतारच्या रास लाफान बंदरातून द्रवरूप नैसर्गिक वायू घेऊन 'दिशा' नावाचं जहाज गुजरातेत दहेजला लागलं होतं. ज्या देशाचा वायू आपल्या किनाऱ्यावर वीज होण्यासाठी येत होता, त्याच देशात आपल्यापैकी कितीतरी जण नोकरीसाठी चालले होते.

तर भारनियमनाने आपल्या हाडीमाशी एक गोष्ट भिनवली: लाईट आहे तोवर सगळं भरून घ्या. पाणी, पीठ, मोबाइल, लॅपटॉप. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी शिसे-आम्लाची होती, आणि शिसे-आम्लाच्या बाबतीत ही शिकवण अगदी बरोबर आहे. ती बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर खर जमतो आणि ती मरते. तिला भरलेलीच ठेवावी लागते, वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागतं. स्कूटरचं तेच, मोटारीचं तेच.

म्हणजे दोन मास्तर आणि दोन धडे. एक म्हणतो, पूर्ण उतरू दे. दुसरा म्हणतो, कायम भरलेली ठेव. तुमच्या-माझ्या हातातल्या लॅपटॉपमध्ये मात्र ना निकेल-कॅडमियमची बॅटरी आहे ना शिसे-आम्लाची. तिथे लिथियम-आयन आहे, आणि तिला हे दोन्ही धडे मानवत नाहीत.

ही लिथियमची बॅटरी जन्मली कशी, हे आखातात राहणाऱ्यांनी मुद्दाम वाचावं. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब तेलउत्पादक देशांनी उत्पादन कमी केलं, अमेरिकेचं तेल बंद केलं. कतारही त्यात होता. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव 1974 उजाडेपर्यंत बारा डॉलरच्या जवळ गेला. तेल विकणाऱ्या कंपन्यांनाही आपला धंदा कधीतरी आटेल अशी धास्ती वाटू लागली. अमेरिकेतल्या एक्सॉनने तेलाबाहेरच्या ऊर्जेवर संशोधन करायला माणसं घेतली होती, त्यांत स्टॅनली व्हिटिंगहॅम हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होते. टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि पुन्हा बाहेर येतात, हे हेरून त्यांनी बॅटरी बनवली. 1976 साली तिच्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. दुसऱ्या टोकाला शुद्ध लिथियम धातू असल्यामुळे ती बॅटरी पेट घ्यायची. प्रयोगशाळेत अग्निशमन दलाला इतक्या वेळा यावं लागलं, की लिथियम विझवायच्या खास रसायनांचे पैसे तुमच्याकडून घेऊ, असा दम त्यांनी भरला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेलाचे भाव उतरले आणि एक्सॉनचा उत्साहही उतरला.

पुढचं काम ऑक्सफर्डमध्ये आणि जपानमध्ये झालं. 1980 साली जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून विद्युतदाब दोन व्होल्टवरून चारावर नेला. 1985 साली अकिरा योशिनो यांनी धोकादायक लिथियम धातू काढून टाकला आणि त्या जागी पेट्रोलियम कोक वापरला, म्हणजे तेलशुद्धीकरणातला उरलासुरला कोळसाच. 1991 मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. तिघांना नोबेल मिळालं ते 2019 साली. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते.

तेलबंदीने आखातात पैशाचा पूर आणला. त्या पैशातून रस्ते, बंदरं, मनोरे उभे राहिले आणि ते उभारायला कोकणातून, खेड-चिपळूण-म्हसळ्याकडून माणसं आली, मग मुंबई-पुण्याहून अभियंते आले. तिकडे त्याच तेलबंदीच्या धास्तीने बॅटरीच्या संशोधनाला जोर दिला. दोह्यातल्या एखाद्या सदनिकेत एखादा मराठी माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन घरच्यांशी बोलत बसतो, तेव्हा तो तिथे असण्यामागे आणि त्याच्या मांडीवरच्या बॅटरीमागे एकच ऑक्टोबर महिना आहे, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही.

आता तिचा स्वभाव. लिथियम-आयनच्या एका सेलचा दाब पूर्ण उतरल्यावर तीन व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण भरल्यावर साधारण 4.2 व्होल्ट असतो. भरलेल्या अवस्थेत आतलं रसायन ताणलेलं असतं. त्या दाबाला आतला द्रव हळूहळू बिघडतो, इलेक्ट्रोडवर नको असलेला थर चढत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून बसतं. उष्णता वाढली की हे सगळं वेगाने होतं. रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांमागे वेग दुपटीच्या आसपास जातो. बॅटरी तपासणीची यंत्रं बनवणाऱ्या कॅडेक्स कंपनीचे इसिडोर बुकमन यांनी 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या नावाने जे आकडे लोकांसमोर ठेवले आहेत, ते एकदा वाचले की विसरत नाहीत. 25 अंश तापमानात 40 टक्के भरून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची 96 टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर 80 टक्के. तापमान 40 अंश असेल तर 40 टक्के भरलेलीची 85 टक्के राहते आणि पूर्ण भरलेलीची 65. म्हणजे न वापरता, नुसती कपाटात ठेवून, वर्षात एक तृतीयांशाहून जास्त क्षमता गेली.

आता कतारकडे वळा. इथे लाईट जात नाही म्हटलं तरी चालेल. वायूच्या अफाट साठ्यावर बसलेला देश, नागरिकांना वीज फुकट, आपल्याला पैसे पडतात पण तेही झेपतील असे. 'कहरामा' ही वीज-पाण्याची सरकारी कंपनी 2012 पासून 'तरशीद' नावाची मोहीम चालवून लोकांना वीज जपून वापरा म्हणून सांगते आहे, यावरून काय ते समजा. भारनियमनात वाढलेला माणूस इथे येतो आणि जिथे वीज कधी संपतच नाही तिथे लॅपटॉप दिवसरात्र भरून ठेवतो. त्यात उन्हाळा. जुलै 2010 मध्ये दोह्याच्या विमानतळावर 50.4 अंशांची नोंद झाली होती. बंद मोटारीत उन्हाळी दुपारी तापमान साठीच्या पुढे जातं. माणसांसाठी निदान कायदा आहे: 1 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन या वेळेत उघड्यावर काम करून घ्यायला 2021 पासून बंदी आहे. ॲपल म्हणते, आमची यंत्रं 35 अंशांच्या वर वापरू नका, बॅटरीचं कायमचं नुकसान होईल. पण मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप डिकीत टाकून आपण खुशाल मॉलमध्ये हार-फुलं आणायला जातो.

डिकीतल्या त्या लॅपटॉपवरून आणखी एक इतिहास सांगायला हवा, तो झोपेचा. लॅपटॉपला 'झोपवणं' ही कल्पना फार जुनी नाही. ऑक्टोबर 1990 मध्ये इंटेलने 386 एसएल हा खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला, त्यात वीज वाचवण्यासाठी एक स्वतंत्र अवस्था होती. 1992 मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने 'एपीएम' नावाची पद्धत ठरवली. त्यात कधी काय बंद करायचं हे बऱ्याच अंशी यंत्रातली पायाभूत चिप ठरवायची, विंडोजला पत्ताही नसायचा, आणि मग काम चालू असताना पडदा काळा होई. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' ही नवी पद्धत आणली आणि कारभार विंडोजच्या हाती गेला. आज तुम्ही 'पॉवर ऑप्शन्स' उघडता आणि किती मिनिटांनी पडदा बंद, किती मिनिटांनी स्लीप असं ठरवता, ते सगळं त्या 1996 च्या पायावर उभं आहे. स्लीपमध्ये फक्त मेमरी जागी राहायची, बाकी सगळं झोपायचं. हायबरनेटमध्ये मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडली जायची. दोन्हींचा अर्थ स्वच्छ होता.

पुढे फोनसारखं पटकन जागं व्हावं म्हणून 2012 च्या विंडोज 8 मध्ये आणि 2015 च्या विंडोज 10 मध्ये नवी झोप आली. तिला 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणतात. ही कुत्र्याची झोप आहे. झाकण बंद असलं तरी यंत्र मधूनमधून जागं होतं, टपाल बघतं, अद्ययावत होतं. थंड देशात याने बॅटरी उतरते एवढंच. इथे बंद बॅगेत, तापलेल्या गाडीत ते जागं होतं, आपली उष्णता आपल्याच अंगावर घेतं आणि तुम्ही बॅग उघडता तेव्हा तव्यासारखं तापलेलं हाती येतं. माझ्या मते आखातात राहणाऱ्याने सगळ्यात आधी बदलावी अशी सेटिंग हीच. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावं ते निवडता येतं. तिथे 'हायबरनेट' निवडा. यादीत तो पर्याय दिसत नसेल तर आधी तो चालू करावा लागतो. तेवढं करायचं नसेल तर घराबाहेर पडताना सरळ शट डाउन करा.

आता त्या विमानाकडे येऊ. 3 सप्टेंबर 2010. यूपीएसचं (टेबलाखालचा नव्हे, मालवाहतूक करणारी अमेरिकी कंपनी) बोइंग 747 हाँगकाँगहून दुबईला आलं आणि संध्याकाळी तिथून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. आत दोन वैमानिक, आणि मालात ऐंशी हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या. उड्डाणानंतर सुमारे 22 मिनिटांनी आगीची सूचना वाजली. विमान तेव्हा बहारीनच्या हवाई नियंत्रणाच्या हद्दीत शिरलं होतं. नियंत्रकाने सांगितलं, दोहा सुमारे 100 सागरी मैलांवर आहे. दुबई त्याहून बरीच दूर होती. कॅप्टनने दुबईला परतायचं ठरवलं. ओळखीचा विमानतळ, आग किती मोठी आहे याचा अंदाज नाही. तो निर्णय त्या क्षणी कसा घेतला गेला असेल हे समजू शकतं. काही मिनिटांतच कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. कॅप्टनचा प्राणवायू बंद पडला, तो दुसरा मुखवटा घ्यायला उठला आणि परत जागेवर आला नाही. सहवैमानिक एकटा, काही दिसत नसताना, दुसऱ्या विमानांमार्फत निरोप घेत दुबईपर्यंत पोचला, पण उतरू शकला नाही. विमान शहराच्या कडेला कोसळलं. दोघेही गेले. 2013 मध्ये अमिरातींच्या तपास यंत्रणेचा अहवाल आला, त्यात आग मालातल्या लिथियम बॅटऱ्यांच्या ठिकाणी लागल्याचं मांडलं आहे.

1 एप्रिल 2016 पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी विमानाच्या पोटातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला बंदी घातली. मालवाहू विमानांसाठी नियम केला: सुटी बॅटरी 30 टक्क्यांहून जास्त भरलेली नसावी. कारण उघड आहे. जितकी जास्त भरलेली तितकी तिची आग जोरात, आणि तितकी ती शेजारणीला पेटवण्याची शक्यता जास्त. शंभर टक्के ही अवस्था शहाण्यासुरत्या जगाने धोक्याची मानली, आणि आपण घरात तिच्याकडे पाहून सुस्कारा सोडतो!

आणि मग 2017. विमानाच्या पोटात लिथियम नको असं जगाने ठरवून वर्ष होत नाही तोच, 21 मार्चला अमेरिकेने आठ देशांतल्या दहा विमानतळांसाठी आदेश काढला, की मोबाइलपेक्षा मोठं कोणतंही उपकरण प्रवाशाने केबिनमध्ये आणू नये, सामानात टाकावं. दहांत दोहा होतं. कारण घातपाताच्या भीतीचं दिलं होतं. ब्रिटनने त्याच दिवशी आपला वेगळा आदेश काढला, पण त्यात दोहा नव्हतं. बॅटरीतली माणसं चक्रावली, कारण लॅपटॉप केबिनमध्ये पेटला तर कोणीतरी पाणी ओततं. पोटात पेटला तर कळायलाच उशीर होतो. दोन भीती समोरासमोर उभ्या होत्या आणि त्या वेळी दुसरी हरली.

त्या महिन्यांत मुंबईहून, नागपूरहून, गोव्याहून दोह्यामार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांना हा आदेश कसा भोवला असेल, हे तुमच्यापैकी काहींना सांगायला नको. चौदा-पंधरा तासांचा प्रवास, प्रबंधाचा शेवटचा मसुदा ज्यात आहे तो एकुलता एक लॅपटॉप, आणि तो दोह्याच्या दारात दुसऱ्याच्या हाती द्यायचा. कतार एअरवेजने दारापाशीच उपकरणं घेऊन, गुंडाळून, उतरल्यावर परत द्यायची सोय केली, आणि बिझनेस क्लासच्या प्रवाशांना वापरायला आपले लॅपटॉप दिले. काम पेन ड्राइव्हवर घेऊन चढायचं आणि त्या परक्या यंत्रावर करायचं. इकॉनॉमीतल्यांनी खिडकीबाहेर पाहायचं. त्यात 5 जूनला सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि आपलं आकाशही कतारच्या विमानांना बंद केलं. अखेर 6 जुलैला दोह्यापुरती लॅपटॉपबंदी उठली. शेजाऱ्यांनी घातलेली नाकेबंदी उठायला जानेवारी 2021 उजाडलं.

विमानाच्या नियमांचा आणखी एक ठसा तुमच्या लॅपटॉपवर आहे. 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी केबिनमध्ये नेता येते, त्याहून मोठी असेल तर विमान कंपनीला विचारावं लागतं. म्हणून 2019 ची सोळा इंची मॅकबुक प्रो बरोबर 100 वॉट-अवरवर थांबली. यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत तुमचाही आकडा छापलेला असेल, पाहा.

बॅटरी शंभरावर नेऊ नका असं सांगणारी सोय खरं तर पूर्वीपासून होती. थिंकपॅडमध्ये चार्जिंग कुठे थांबवायचं ते ठरवता यायचं, सोनीच्या वायोमध्ये 80 किंवा 50 टक्क्यांचा पर्याय होता. पण ती कोणी सांगत नसे. खोक्यावर 'दहा तास' छापायचे आणि आत गेल्यावर आठच वापरा म्हणायचं, हे विक्रेत्याला कसं परवडणार? ॲपलने मे 2020 मध्ये मॅकच्या प्रणालीत बॅटरीचं आरोग्य पाहून चार्जिंग आवरण्याची सोय दिली. लेनोवो, डेल, एचपी, असुस या सगळ्यांच्या आजच्या बहुतेक यंत्रांत ती आहे, कुठे त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये, कुठे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये. नावं निरनिराळी आहेत: कन्झर्व्हेशन मोड, बॅटरी हेल्थ चार्जिंग, प्रायमरीली एसी यूज. दिवसभर टेबलावर चार्जर लावून काम करत असाल तर ती चालू करा, 80 वर किंवा 60 वर थांबू द्या. प्रवासाच्या आदल्या रात्री खुशाल शंभर करा, एका रात्रीने काही बिघडत नाही. नुकसान होतं ते महिनोन्‌महिने शंभरावर बसवून ठेवल्याने.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग मोकळी जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं, तर एक पान तयार होतं. त्यात दोन आकडे असतात: कारखान्यातून निघताना क्षमता किती होती आणि आज पूर्ण भरल्यावर किती आहे. दुसऱ्याला पहिल्याने भागा. खाली आठवड्यागणिक उतरत गेलेले आकडेही दिसतील. दोह्यातल्या यंत्राचे जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे मुद्दाम वाचा. एक खुलासा करायला हवा. कधीतरी सहा महिन्यांनी बॅटरी बरीचशी उतरवून पुन्हा भरा असं काही कंपन्या सांगतात, ते टक्क्यांचा अंदाज जुळवून घेण्यासाठी असतं. बॅटरीला व्यायाम म्हणून दर आठवड्याला तसं करायचं नाही. ते जुन्या मास्तरांचं झालं.

आता शाळेच्या सुट्ट्या. जूनअखेर दोह्यातली अर्धीअधिक मराठी घरं बंद होतात, माणसं पावसात भिजायला गावी जातात, ती ऑगस्टच्या शेवटी येतात. जाताना एसी बंद करायचा, मेन स्विच पाडायचा आणि मुलांचा जुना लॅपटॉप, अडीअडचणीला असावा म्हणून पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवायचा, ही आपली रीत. बंद सदनिकेत जुलैमध्ये चाळिशीचं तापमान हां हां म्हणता होतं. वर दिलेले 40 अंशांचे आकडे पुन्हा पाहा: 65 आणि 85. म्हणून या वर्षी तो लॅपटॉप निम्म्यावर आणून पूर्ण बंद करा, घरातल्या सगळ्यात आतल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत ठेवा, आणि चार्जर भिंतीतून काढून ठेवा. ज्यांचे शेजारी झाडांना पाणी घालायला येणार आहेत, त्यांनी तो शेजाऱ्यांच्या एसीत ठेवायला दिला तर आणखी बरं.